तलावातले नाट्यगृह : ताकाराझुकाची गोष्ट

१/
१९१२ च्या उन्हाळ्यात जपानमधील ताकाराझुका या गावी एक नवलाची इमारत उघडली. पाश्चात्त्य धाटणीची, दुमजली, आणि आत छताखाली पोहण्याचा तलाव. नाव ‘पॅराडाइज’, म्हणजे स्वर्ग. हा स्वर्ग लवकरच ओस पडला. पुढे त्याच तलावावर फळ्या टाकून प्रेक्षक बसवण्यात आले आणि तिथे जो संगीत नाटकांचा खेळ सुरू झाला, तो शंभराहून अधिक वर्षे उलटली तरी चालू आहे. एका रेल्वेने, एका करमणूक उद्यानाने आणि काही मुलींनी मिळून घडवलेल्या या रंगभूमीचा हा इतिहास. #थ्रेड

२/
तलाव का फसला, याची कारणे अगदी साधी होती. छतामुळे ऊन आत येत नसे आणि पाणी तापवण्याची सोय केलेली नव्हती. भर उन्हाळ्यातही त्या पाण्यात फार वेळ थांबवत नसे. त्यातच स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहण्यास मनाई होती. सहकुटुंब सहलीला आलेल्या माणसांनी कुटुंब बाहेर ठेवून गार पाण्यात उतरावे, अशी ती योजना झाली होती. ती चालण्यासारखी नव्हतीच.

३/
पण मुळात आडबाजूच्या गावात असा तलाव बांधावा, असे कोणाला का वाटले? त्याचे उत्तर रुळांवर सापडते. १९०७ साली ओसाका शहरातून डोंगराकडे जाणारी विजेवरची रेल्वे काढण्यासाठी ‘मिनो-आरिमा विद्युत रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी जपानच्या बाजारात मंदी आली आणि कंपनीचे बरेचसे भाग विकलेच गेले नाहीत. गाडी सुरू होण्याआधीच कंपनी बुडते की काय, अशी वेळ आली.

४/
ही कंपनी हाती घेणारा माणूस म्हणजे कोबायाशी इचिझो. जन्म १८७३ चा, यामानाशी प्रांतातला. जानेवारीच्या तीन तारखेला जन्मला म्हणून नावात ‘एक’ आणि ‘तीन’ हे अंक. तरुणपणी त्याला लेखक व्हायचे होते. प्रत्यक्षात मित्सुई बँकेत १४ वर्षे नोकरी झाली. नोकरी सोडून ओसाकात आलेला हा चौतिशीतला गृहस्थ आता प्रवासी नसलेल्या रेल्वेचा कर्ता झाला.

५/
अडचण साधी होती आणि मोठीही. इतर रेल्वेकंपन्या शहरापासून शहरापर्यंत धावत. ओसाका-कोबे मार्गावर दोन्ही टोकांना माणसे होती. कोबायाशीच्या मार्गाच्या एका टोकाला ओसाका होते; दुसऱ्या टोकाला भातशेती, डोंगर आणि गरम पाण्याचे झरे. शहरातून सकाळी रिकामी गाडी जाणार आणि संध्याकाळी रिकामी परतणार, हे कोणालाही दिसत होते. मार्ग मोजून पाहण्यासाठी पायी हिंडताना त्याने त्या रिकाम्या जमिनीकडे वेगळ्या नजरेने पाहिले.

६/
माणसे नसतील तर वसवावीत, असे त्याने ठरवले. रुळांलगतची जमीन कंपनीने आधीच विकत घेतली आणि तिथे घरे बांधली. १९१० साली इकेदा येथील वसाहतीतली घरे विक्रीस निघाली. थोडी रक्कम आधी, उरलेली १० वर्षे मासिक हप्त्यांनी. धुराड्यांच्या ओसाकात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पगारदार माणसाला स्वतःचे घर, मोकळी हवा आणि कचेरीला जायला गाडी, असे सगळे एकदम मिळू लागले. मार्च १९१० मध्ये रेल्वे सुरू झाली.

७/
पगारदार माणूस सकाळ-संध्याकाळ गाडीत बसणार, हे ठरले. दुपारचे आणि सुटीच्या दिवसाचे काय? त्यासाठी शहरातील माणसाला उलट दिशेने खेचणारे काहीतरी हवे होते. नोव्हेंबर १९१० मध्ये मिनो येथे कंपनीने प्राणिसंग्रहालय उघडले. मे १९११ मध्ये दुसऱ्या टोकाला, ताकाराझुका येथे, मुको नदीच्या काठी ‘नवे स्नानगृह’ उघडले. संगमरवरी हौद, बसायला प्रशस्त जागा, बायकामुलांना घेऊन दिवस घालवावा अशी व्यवस्था.

८/
गरम झऱ्यांची गावे जपानला नवी नव्हती. पण तिथले वातावरण बहुधा पुरुषांचे असे: मद्य, गेइशा, रात्रीचा मुक्काम. कोबायाशीला हवे होते ते कुटुंब: नवरा, बायको, दोन मुले, म्हणजे जाता-येता आठ तिकिटे. सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतणारी, स्वच्छ, बिनधोक करमणूक. पुढच्या काळात ज्याला ‘फॅमिली’ करमणूक म्हणू लागले, तिची जपानमधील एक पायाभरणी या हिशेबातून झाली. तलावही त्याच हिशेबातला, आणि तो फसला.

९/
फसलेल्या इमारतीचे करायचे काय? ओसाकात मित्सुकोशी या प्रसिद्ध दुकानाने मुलांचा वाद्यवृंद उभारला होता आणि तो लोकप्रिय झाला होता. कोबायाशीने मुलींचे गायनपथक काढायचे ठरवले. जुलै १९१३ मध्ये पहिल्या १६ मुली दाखल झाल्या. बहुतेक सगळ्या किशोरवयीन. तलावाचा खळगा फळ्यांनी झाकून तिथे प्रेक्षकांची जागा झाली, आणि कपडे बदलण्याच्या जागेचा रंगमंच झाला.

१०/
१ एप्रिल १९१४ रोजी पहिला प्रयोग झाला. नाटकाचे नाव ‘दोनबुराको’. नदीतून वाहत आलेल्या पीच फळातून जन्मलेल्या मोमोतारो या मुलाची जपानी लोककथा त्यात होती. ‘दोनबुराको’ हा फळ पाण्यावर डुचमळत येण्याचा आवाज. कोरड्या तलावात बसलेल्या प्रेक्षकांनी पाहिलेल्या पहिल्या नाटकाचे नाव असे पाण्याच्या आवाजाचे होते. स्नानगृहाचे तिकीट काढणाऱ्याला नाटक फुकट होते. नाटकाचे मोल त्या दिवशी एवढेच होते.

११/
या मुलींनी काय पत्करले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १६२९ साली जपानच्या सत्ताधाऱ्यांनी स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी घातली. पुढे अडीच शतकांहून अधिक काळ काबुकीतील स्त्रीभूमिका पुरुषच करत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभिनेत्री दिसू लागल्या, पण रंगमंचावर उभी राहणारी बाई म्हणजे चारित्र्याविषयी शंका, हे समीकरण कायम होते. आपली मुलगी नाचण्या-गाण्यासाठी पाठवायला घरंदाज कुटुंबे तयार नव्हती.

१२/
कोबायाशीने यावर काढलेला तोडगा म्हणजे शाळा. मुलींना ‘अभिनेत्री’ न म्हणता ‘विद्यार्थिनी’ म्हणायचे. राहणे, वागणे, बोलणे शिस्तीत. गाणे आणि नृत्य यांना शिक्षणाचा दर्जा. १९१९ साली रीतसर संगीत-नाट्य शाळा स्थापन झाली. ‘शुद्ध, सरळ, सुंदर’ असे बोधवाक्य ठरले. पहिल्या पिढीची रंगमंचीय नावे ‘ह्याकुनिन इश्शु’ या शंभर कवींच्या प्राचीन संग्रहातून घेतली गेली. आईबापांना धीर मिळावा, हा त्यामागचा मोठा हेतू.

१३/
‘विद्यार्थिनी’ हा शब्द दुधारी होता. त्याने मुलींना प्रतिष्ठा दिली. घराबाहेर पडण्याची, स्वतःच्या कलेवर उभे राहण्याची वाट दिली. त्याच शब्दाने त्यांच्या कामाला ‘काम’ म्हणण्याची सोयही काढून घेतली. विद्यार्थिनी शिकते, आज्ञा पाळते, वरच्या वर्गातील मुलींना मान देते. आणि लग्न ठरले की शाळा सोडते. हा नियम आजही आहे: ताकाराझुकाच्या रंगमंचावर केवळ अविवाहित स्त्रिया असतात.

१४/
सगळ्या मुलीच असल्यामुळे पुरुषांच्या भूमिकाही मुलींकडेच आल्या. त्यांना ‘ओतोकोयाकु’ म्हणतात, स्त्रीभूमिका करणाऱ्यांना ‘मुसुमेयाकु’. आरंभीच्या काळात ओतोकोयाकु लांब केस टोपीखाली लपवत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या केस कापू लागल्या. चालणे, बसणे, खोल आवाज, हॅट धरण्याची ढब, या सगळ्यांचे शास्त्र हळूहळू तयार झाले. हा पुरुष कोणत्याही खऱ्या पुरुषाची नक्कल नव्हता. प्रेक्षागृहातील स्त्रियांना जो हवासा वाटावा, असा तो घडवलेला होता.

१५/
गर्दी वाढत गेली. १९१८ साली मंडळीने तोक्योच्या शाही नाट्यगृहात प्रयोग केला. त्याच वर्षी रेल्वेकंपनीचे नाव बदलले. आज ती ‘हांक्यू’ म्हणून ओळखली जाते. १९२१ मध्ये मंडळीचे दोन गट झाले: पुष्प आणि चंद्र. जानेवारी १९२३ मध्ये आग लागून ‘पॅराडाइज’ची ती तलावातली रंगभूमी जळाली. १९२४ च्या जुलैत तिच्या जागी उभे राहिले ते ४,००० प्रेक्षकांचे म्हणून गाजलेले महानाट्यगृह.

१६/
एवढे मोठे नाट्यगृह हा केवळ बडेजाव नव्हता. कोबायाशीचा हिशेब असा: नाट्यगृह लहान असेल तर तिकीट महाग होते, आणि महाग तिकिटाची कला मूठभरांपुरती उरते. नाट्यगृह मोठे करा, तिकीट स्वस्त करा, म्हणजे कारकुनाचे कुटुंबही येईल. आणि ते कुटुंब गाडीनेच येईल. लोकशिक्षण आणि नफा या दोन गोष्टी त्याच्या विचारात वेगळ्या नव्हत्याच. त्याच वर्षी शेजारी पाळणे आणि प्राणिसंग्रहालय असलेले उद्यानही सुरू झाले.

१७/
आता प्रवास नाटकातच शिरला. किशिदा तात्सुया हा मंडळीचा दिग्दर्शक युरोपात जाऊन आला आणि सप्टेंबर १९२७ मध्ये त्याने ‘मोन पारी’ सादर केले. जपानमधील पहिला ‘रेव्ह्यू’, म्हणजे गाणी, नृत्ये आणि भपकेदार दृश्यांची सलग मालिका, म्हणून ते ओळखले जाते. कथानक एवढेच: एक जपानी प्रवासी बोटीने निघतो आणि चीन, सिलोन, इजिप्त अशी ठिकाणे पाहत पॅरिसला पोहोचतो.

१८/
त्यातले एक दृश्य विशेष गाजले. मुली ओळीत उभ्या राहिल्या, पोशाखावर चाकांची चित्रे, आणि हातपाय वाफेच्या इंजिनाच्या दांड्यांसारखे लयीत हलू लागले. जपानमधील ओळीतल्या नृत्याचा आरंभ या ‘आगगाडी’पासून मानतात. प्रेक्षक गाडीत बसून आले होते आणि रंगमंचावर गाडीच नाचत होती. बहुतेकांना पॅरिस कधीच दिसणार नव्हते. ओसाकाहून सुमारे २५ किलोमीटरच्या तिकिटात ते एका दुपारपुरते दिसत होते.

१९/
शिराई तेत्सुझो या दुसऱ्या दिग्दर्शकाने पॅरिसमध्ये राहून अभ्यास केला आणि १९३० मध्ये ‘पारीझेट’ रंगवले. त्यातील व्हायोलेटच्या फुलांचे गाणे मंडळीचे ओळखगीत बनले. त्याची चाल जर्मन होती आणि मूळ गाण्यात फूल होते लायलॅकचे. जपानी प्रेक्षकांना ते परके वाटेल म्हणून शिराईने व्हायोलेट घेतले. बर्लिनची चाल, पॅरिसचा साज आणि जपानी रानफूल, असा तो संकर.

२०/
कोबायाशीचे साम्राज्यही वाढत होते. १९२९ साली ओसाकाच्या उमेदा स्थानकातच त्याने मोठे विभागीय दुकान उघडले. १९३२ मध्ये तोक्योत नाट्यव्यवसायासाठी कंपनी काढली. तिच्यातून पुढे ‘तोहो’ ही चित्रपटसंस्था झाली. १९५४ चा ‘गोदझिला’ याच तोहोचा. १९३४ च्या पहिल्या दिवशी तोक्यो ताकाराझुका नाट्यगृह उघडले. घर, गाडी, दुकान, उद्यान, नाटक, सिनेमा: मध्यमवर्गीय माणसाचा सगळा आठवडा एका उद्योगसमूहात मावू लागला.

२१/
मग युद्ध आले, आणि स्वप्नाचा उपयोग सरकारला कळला. १९३८-३९ मध्ये मंडळीला सांस्कृतिक दूत म्हणून जर्मनी, इटली आणि पोलंडला पाठवण्यात आले. १९३९ मध्ये अमेरिकेचा दौरा झाला. कोबायाशी स्वतः १९४० मध्ये कोनोए मंत्रिमंडळात वाणिज्य व उद्योग मंत्री झाला. रंगमंचावर देशभक्तीचे विषय आले. पॅरिसची जागा आघाडीवरच्या सैनिकाने घेतली. शुद्ध आणि सरळ असण्याचा आदर्श राष्ट्रसेवेच्या कामी लावणे अवघड गेले नाही.

२२/
मार्च १९४४ मध्ये चैनीची करमणूक बंद करण्याच्या सरकारी आदेशाने महानाट्यगृहाला कुलूप लागले. इमारत नौदलाने घेतली आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी भरती झालेली कोवळी मुले तिथे राहू लागली. ऑगस्ट १९४५ मध्ये, युद्ध संपण्याच्या दोन आठवडे आधी, यांतल्या काहींना अवाजी बेटाकडे नेणाऱ्या बोटीवर विमानांनी हल्ला केला. त्यात ८० हून अधिक जण मेले. तोक्योच्या नाट्यगृहात त्या काळात शाळकरी मुली कागदी बॉम्बफुगे चिकटवत होत्या.

२३/
एप्रिल १९४६ मध्ये पडदा पुन्हा उघडला. शहरे जळालेली, पोटाला पुरेसे अन्न नाही, आणि तरीही लोक ‘कार्मेन’ आणि वसंतनृत्य पाहायला आले. तोक्योचे नाट्यगृह मात्र अमेरिकी सैन्याने आपल्या सैनिकांसाठी घेतले आणि एका युद्धवार्ताहराच्या नावाने ते ‘अर्नी पाइल थिएटर’ झाले. जपानी प्रेक्षकांना ते १९५५ मध्ये परत मिळाले. कोबायाशी जानेवारी १९५७ मध्ये वारला.

२४/
या रंगभूमीचा सर्वांत दूरगामी परिणाम एका लहान मुलावर झाला. तेझुका ओसामु ताकाराझुकातच वाढला. आई नाटकांची शौकीन, मुलाला बरोबर नेई. पुढे जपानी चित्रकथांचा जनक म्हणून गाजलेल्या तेझुकाने १९५३ पासून ‘रिबन नो किशी’ ही मालिका लिहिली. नायिका राजकन्या, पण राज्य टिकवण्यासाठी राजपुत्र म्हणून वावरणारी. ओतोकोयाकु कागदावर उतरली ती अशी. मुलींसाठीच्या साहसी चित्रकथांची एक वाट इथे उघडली.

२५/
त्याच वाटेवर १९७२ मध्ये इकेदा रियोको यांची ‘व्हर्सायचा गुलाब’ ही चित्रकथा आली. फ्रेंच राज्यक्रांतीची पार्श्वभूमी आणि पुरुषासारखी वाढवलेली ऑस्कर ही स्त्री-सेनाधिकारी. दूरदर्शन संचाने तोवर प्रेक्षक घरी बसवले होते आणि महानाट्यगृहात रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. १९७४ मध्ये मंडळीने ऑस्करला रंगमंचावर आणले आणि रांगा लागल्या. रंगभूमीने जे चित्रकथेला दिले होते, ते चित्रकथेने संकटकाळी परत केले.

२६/
दरम्यान शेजारच्या उद्यानालाही बहर होता. १९६० पासून त्याचे नाव ‘ताकाराझुका फॅमिलीलँड’. पाळणे, मोनोरेल, पांढरे वाघ, बाहुल्यांचे दालन. पश्चिम जपानच्या दोन-तीन पिढ्यांची बालपणे तिथल्या छायाचित्रांत आहेत. आई नाटकाला आणि मुले पाळण्यांना, असा कुटुंबांचा रविवार तिथे जाई. इतर रेल्वेकंपन्यांनीही हा कित्ता गिरवला. ओसाकाजवळचे हिराकाता, तोक्योजवळचे मुकोगाओका आणि यात्सु ही उद्याने अशीच रुळांच्या टोकाला वाढली.

२७/
यांतील यात्सु उद्यानाची कथा बोलकी आहे. ते केइसेई रेल्वेचे. याच केइसेईच्या पुढाकाराने १९६० मध्ये ‘ओरिएंटल लँड’ ही कंपनी निघाली आणि तिने एप्रिल १९८३ मध्ये तोक्यो डिस्नेलँड उघडले. त्याच्या चार महिने आधी, डिसेंबर १९८२ मध्ये, यात्सु बंद झाले. रेल्वेनेच आपल्या जुन्या उद्यानाचा वारस आणला होता, आणि तो जागतिक होता. यापुढे रुळांच्या टोकाची छोटी उद्याने कथा, पात्रे आणि भांडवल असलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभी राहणार होती.

२८/
३१ मार्च २००१ रोजी ओसाकात युनिव्हर्सल स्टुडिओज जपान उघडले. मुलांची संख्या आधीच घटत होती. ७ एप्रिल २००३ रोजी फॅमिलीलँडने दरवाजे मिटले. प्राणी इतरत्र गेले, जागेवर घरे आणि शाळा आल्या. हांक्यूने आपला बेसबॉल संघ १९८८ मध्येच विकला होता. स्नानगृह, तलाव, मिनोचे प्राणिसंग्रहालय, उद्यान, संघ, सगळे गेले. ज्याला कधी स्वतंत्र तिकीटही नव्हते, ते नाटक तेवढे राहिले.

२९/
असे का झाले? पाळणा विकत घेता येतो. ज्याच्याजवळ अधिक पैसा, त्याचा पाळणा अधिक उंच. ताकाराझुकाची प्रेक्षक मात्र एखाद्या मुलीला शाळेतून बाहेर पडताना पाहते, मागच्या रांगेत नाचताना ओळखते, दहा-पंधरा वर्षे तिची वाटचाल अनुभवते आणि तिच्या निरोपाच्या प्रयोगाला रडते. हे नाते पिढ्यान्‌पिढ्या आईकडून मुलीकडे जाते. ते घडायला वर्षे लागतात, म्हणून ते दुसऱ्या कोणाला उचलून नेता येत नाही.

३०/
या निष्ठेचे बळ १९९५ मध्ये दिसले. १७ जानेवारीच्या हान्शिन भूकंपात ताकाराझुका हादरले, १९९३ मध्ये नव्याने बांधलेल्या महानाट्यगृहाचेही नुकसान झाले. अवघ्या अडीच महिन्यांत, ३१ मार्चला, प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९९८ मध्ये पाचवा गट निघाला: पुष्प, चंद्र, हिम, तारा यांच्या जोडीला ‘अवकाश’. २०१४ मध्ये शताब्दी साजरी झाली.

३१/
पण त्या ‘विद्यार्थिनी’ शब्दाचा हिशेब राहिला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये अवकाश गटातील २५ वर्षांच्या एका कलावतीचा मृत्यू झाला. ती जीव देण्याइतकी खचली होती ती अतिकामाने आणि वरिष्ठांच्या छळाने, असे कुटुंबाने सांगितले. व्यवस्थापनाने आरंभी छळ झाल्याचे मान्य केले नाही. मार्च २०२४ मध्ये मात्र ते मान्य करून मालक कंपनीने कुटुंबाची जाहीर माफी मागितली. शंभर वर्षे कौतुकाने सांगितलेल्या शिस्तीची दुसरी बाजू सगळ्या जपानने पाहिली.

३२/
हा डाग इतिहासाबाहेरचा मानता येत नाही. ज्या व्यवस्थेने १९१४ मध्ये मुलींना रंगमंच मिळवून दिला, तिनेच त्यांचे श्रम झाकले. आज्ञाधारकपणा हा त्या काळी समाजाला दिलेला शब्द होता. शतकानंतर तो तक्रार न करण्याचा नियम होऊन बसला. आपल्या करमणुकीसाठी कोण किती तास उभे आहे, हा प्रश्न रोषणाईच्या प्रत्येक उद्यानाला आणि प्रत्येक नाट्यगृहाला लागू होतो. ताकाराझुकाला तो फार उशिरा विचारला गेला.

३३/
आज ताकाराझुका स्थानकात उतरले की चेरीच्या झाडांमधून नाट्यगृहाकडे जाणारा ‘फुलांचा मार्ग’ लागतो. आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा तो किंचित उंच आहे, जुन्या नदीबांधाचा. त्यावरून चालणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आहेत: शाळकरी मुलींपासून काठी टेकत येणाऱ्या आज्यांपर्यंत. पाळणे नाहीत, वाघ नाहीत, संगमरवरी हौद नाहीत. गाडी भरलेली आहे. १९०७ मध्ये ज्या रेल्वेचे भाग कोणी घेत नव्हते, तिच्या शेवटच्या स्थानकावर प्रयोगाच्या दिवशी सगळा डबा उतरतो.